मुंग्यांना घातलेला गूळ

कॉलेजच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता आणि माठाशेजारी साखळीने बांधलेला पेला. अण्णांनी पिशवीतून आपला तांब्या काढला, त्याच्या तोंडावर दुपदरी पांढरं फडकं ताणून धरलं आणि मला म्हणाले, "राजाक्का, वत."

मी पेल्याने पाणी ओतलं. हातात अर्ज घेऊन भिंतीला टेकलेल्या पन्नास-साठ मुली बघत होत्या. त्यांतल्या दोघींनी एकमेकींना कोपर मारलं. अण्णा वरून धार सोडत सावकाश पाणी प्याले. मला वाटलं, झालं एकदाचं. पण त्यांनी शिपायाला हाक मारली आणि हा माठ कुठल्या विहिरीवरनं भरता म्हणून विचारलं. शिपायाने वसतिगृहाच्या मागे बोट दाखवलं. तसे अण्णा ते ओलं फडकं ओंजळीत, घरट्यातून पडलेलं पाखरू धरावं तसं धरून, विहिरीकडे चालू लागले.

आम्ही जैन. आमच्या घरी पाणी गाळून पितात हे शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक असतं. पण फडक्यात जे डोळ्यांना न दिसणारं जिवंत काही मागे राहतं, ते ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात नेऊन सोडायचं असतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. गावात मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी खांबाआड झाले. आणि नेमकं तेव्हाच माझं नाव पुकारलं गेलं. मगदूम राजमती नेमगोंडा.

पालकासह आत जायचं होतं. मी एकटीच गेले.

प्राचार्या सबनीसबाई म्हणजे किडकिडीत बांध्याची, पांढऱ्या सुती लुगड्यातली बाई. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी माझी गुणपत्रिका वाचली आणि पालक कुठे आहेत म्हणून विचारलं. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून विहीर सरळ दिसत होती. माझी नजर तिकडे गेली, तशी त्यांनीही मान वळवली. अण्णा काठावर ओणवे होऊन, तांब्यातलं गाळलेलं पाणी फडक्यावर सोडून, ते विहिरीत निथळत होते.

"ते कोण?"

"वडील."

"काय करताहेत?"

मी सांगितलं. बाई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गुणपत्रिका खाली ठेवली आणि मला जीवशास्त्राचा बी ग्रुप कशाला हवा म्हणून विचारलं. डॉक्टर व्हायचंय, म्हणाले. हे कुणाच्या मनात आलं, तुझ्या की वडिलांच्या, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आदल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगितली.

अण्णा गुळवे होते. आमची ऊसशेती अडीच एकरांची, पण सुगीत पंचक्रोशीतली गुऱ्हाळं अण्णांच्या शब्दावर चालायची. मोठ्या काहिलीत रस उकळून पाक झाला की तो चुलाणावरून नेमका कधी उतरवायचा, ते गुळव्याने सांगायचं. क्षणभर आधी उतरवला तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. अण्णा वाटीतल्या थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडायचे, बोटांत त्याची गोळी वळायचे, जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "काढा." त्या हिवाळ्यात काहील उतरवताना सदू चव्हाण नावाच्या गड्याचा पाय घसरला आणि उकळता पाक त्याच्या हातावर कोपरापर्यंत आला. पाक भाजून थांबत नाही, कातडीला धरून बसतो. माणसं ओरडायला लागली. मी भाकरी घेऊन गेले होते. मी सदूचा हात थंड पाण्याच्या पिंपात बुडवून धरला आणि पाक सुटला तसतसा बोटांनी वेगळा केला, कातडी ओढली जाऊ न देता. तालुक्याचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाला, हे ज्यानं केलं त्यानं हात वाचवला. त्या रात्री जेवताना अण्णा आईला म्हणाले, "हिचा हात थरथर कापला न्हाई. हिला डॉक्टर करू."

थोरल्या काकांनी एकच अट घातली. शिकू दे, पण पोरांच्यात बसून नको. मुलींचं आणि सायन्सचं असं कॉलेज जिल्ह्यात हे एकच होतं. बी ग्रुपच्या जागा चाळीस. इथे नाही मिळाली तर मग माझ्यासाठी दुसरं दार नव्हतं, आणि काकांच्या पाहण्यात एक स्थळही होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शिपायाला सांगून अण्णांना आत बोलावलं. अण्णा दाराशी वहाणा काढून आले. बाईंनी बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"मगदूम, तुमच्या मुलीचे गुण चांगले आहेत. तिला जागा द्यायला माझी हरकत नाही. फक्त ह्याच्यावर सही हवी." बाईंनी टेबलावरचा एक छापील कागद पुढे सरकवला. "हमीपत्र आहे. गेल्या तीन वर्षांत पाच मुली पहिल्याच प्रात्यक्षिकाला रडून घरी गेल्या. घरच्यांनी परत पाठवल्या नाहीत. पाच जागा वाया गेल्या. म्हणून मी हे छापून घेतलं."

अण्णांना वाचता येत होतं, पण ते बोट फिरवत वाचायचे. बोट एका ओळीवर थांबलं. माझी मुलगी प्राणिशास्त्राची सर्व प्रात्यक्षिके, विच्छेदनासह, करील व त्यास माझी पूर्ण संमती आहे.

"विच्छेदन म्हंजे कापणं?"

"हो. गांडूळ, झुरळ, मग बेडूक."

अण्णांनी कागदावरचं बोट उचललं. "मेलेला?"

"गुंगी देऊन आणतात. मग मरतो."

बाई म्हणाल्या, "तुम्ही शेतकरी आहात. नांगराखाली किती गांडुळं जात असतील?"

"जात्यात की," अण्णा म्हणाले. "त्येचं पाप लागतंय, रोज क्षमा मागतो. पन बाई, नांगर धरताना मी गांडूळ माराया निघालेला नसतो. पोटासाठी घडतंय ते एक, आनि ह्यो जीव आता घ्यायचा असं ठरवून घेणं ते एक. दुसरं आमास्नी मना हाय."

"तुम्ही कुठे घेणार आहात? ती घेणार."

"आमच्यात तसं न्हाई. केलं, करवलं, का नुसती मान डोलावली, तिन्ही एकच. ह्या कागदावर अंगठा काय, सही काय, ती म्या कापल्यासारखंच."

मी जमिनीकडे बघत होते. फरशीच्या दोन चौकोनांमधल्या चिरेत एक टाचणी अडकली होती. ती अजून आठवते.

बाई म्हणाल्या, आज पाचला ऑफिस बंद होतं. उद्या सकाळी यादी लागेल. तुमच्यामागे बावीस मुली थांबल्यात, त्यामुळे मी थांबू शकत नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी नर्स वेळ सांगते तसं त्यांनी सांगितलं.

"मला दाखवा," अण्णा म्हणाले.

"काय?"

"जीव. ज्येच्यासाठी सही मागताय, त्यो बगू द्या."

प्रयोगशाळा मागच्या बाजूला होती. फॉर्मलिनचा वास मी पहिल्यांदा तिथे घेतला. तिथे दौलतराव नावाचा पन्नाशीचा, जाड मिशांचा मदतनीस काचा पुसत होता. कोपऱ्यात सिमेंटचा हौद, वर जाळी. दौलतरावांनी जाळी उचलली. आत पंधरा-वीस बेडूक होते, काही एकमेकांच्या पाठीवर.

"कुटनं आनता?" अण्णांनी विचारलं.

"नदीकाठनंच. तुमच्याच बाजूचं आसतील, पावनं. बगा वळखीचं कोन हाय का." दौलतराव हसले. अण्णांनी खरंच वाकून बघितलं.

"गुंगी कोन देतं?"

"म्या. बरणीत कापसावर औषद घालायचं, ह्येला आत सोडायचं, झाकन लावायचं. पोरी आल्या की ट्रेमंदी निजलेला तयार."

"मग पाप कुनाला?"

दौलतरावांनी थोडा विचार केला. "पगार कालिज देतंय. म्हंजे कालिजला."

सबनीसबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "राजमती, एक बाहेर काढ."

मी अण्णांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात गेला नसता. मी हौदात हात घातला आणि एकाला मागच्या पायांशी, कमरेत धरला. तो गार होता, आणि त्याच्या गळ्याची कातडी भराभर वरखाली होत होती. त्याने एकदा जोर केला. मी मूठ आवळली नाही, सैलही सोडली नाही. सदूचा हात धरला होता तसाच धरला. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. अण्णाही हाताकडेच बघत होते, बेडकाकडे नाही.

"ठेव," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, घटकाभर वेळ द्या. व्हरांड्यातल्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

पटांगणात लिंबाचं झाड होतं. अण्णा त्याच्या बुंध्याशी जाऊन बसले. हमीपत्र घडी करून टोपीखाली ठेवलं होतं. मला जवळ बोलावलं नाही. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिले. एकेक मुलगी आत जात होती आणि बाहेर येत होती. एकमेकींना कोपर मारणाऱ्या दोघींपैकी एकीला जागा मिळाली, तिच्या आईने तिथेच तिची दृष्ट काढली, बोटं मोडून. मघाशी माठापाशी मला अण्णांची लाज वाटली होती. आता वाटत होतं की ते फडकं नसतं, ती विहीर त्या खिडकीतून दिसली नसती, तर आत्तापर्यंत सही होऊन आम्ही स्टँडवर असतो.

पावणेपाच वाजत आले. अण्णांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, पेन काढतात. त्यांनी गुळाचा खडा काढला.

अण्णांच्या पिशवीत गूळ नाही असं कधी झालं नव्हतं. भाकरीनंतर गूळ, पाण्याआधी गूळ, कुणी भेटलं की त्याच्या हातावर गूळ. सकाळी गाडीतही त्यांनी दोनदा मोडून खाल्ला होता आणि मला म्हणाले होते, ह्यो गेल्या माघातला, बघ, अजून करकरीत हाय. तो मुठीएवढा खडा आता त्यांनी झाडाच्या मुळाशी धरला आणि बोटांनी कुसकरू लागले. तिथे मुंग्यांचं बीळ असावं. ते चिमूट चिमूट घालत होते, पेरणी करावी तसं, घाई न करता. ऑफिसातल्या कारकुनाने फायली बांधायला घेतल्या.

माझ्याने राहवेना. मी पटांगण ओलांडून गेले. "अण्णा, दहाच मिनिटं उरलीत."

"व्हय. आलोच."

"मुंग्या काय पळून जातात का?"

त्यांनी वर बघितलं. रागावतील असं वाटलं. "न्हाई," ते म्हणाले, "पन माझं मन पळंल."

मला त्याचा अर्थ कळला नाही आणि कळून घ्यायला वेळ नव्हता. त्यांनी सगळा खडा संपवला. तळव्यावर राहिलेला चुराही झटकला. एरवी ते बोटं चाटायचे, आई त्यावरून त्यांना हसायची. त्या दिवशी त्यांनी तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, उपरण्याला पुसले, आणि क्षणभर हात जोडून डोळे मिटले. मग उठले.

आत जाऊन त्यांनी टोपीखालून कागद काढला आणि सही केली. नेमगोंडा पारिसा मगदूम. सही करायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा, त्या दिवशी तेवढाच लागला.

सबनीसबाईंनी शाई टिपून घेतली. अण्णा म्हणाले, "बाई, एक इनंती हाय. ते बरणीतलं काम दौलतराव करत्यात न्हवं? हिला ते बी शिकवा. आपलं आपल्या हातानं करू दे. दुसऱ्याच्या गळ्यात घालू ने."

बाईंनी चष्मा काढला. "तशी पद्धत नाही," त्या म्हणाल्या. मग अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आम्ही स्टँडच्या बाकावर शिदोरी सोडली. आईने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन गुळाच्या पोळ्या दिल्या होत्या. अण्णांनी दोन्ही पोळ्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाले, माझं पोट भरलं, तू जागा मिळवलीस, तू खा. मी दोन्ही खाल्ल्या. भूक लागली होती, आणि आनंद झाला होता. गाडीत मी बोलत राहिले. वसतिगृह, पुस्तकं, पांढरा कोट. अण्णा हं हं करत होते.

महिन्याभराने ट्रंक घेऊन निघाले, तेव्हा आईने दळताना जोडलेली ओवी मला दारात ऐकवली:

लेक निघाली शिकाया, वाट उसाच्या कडंनं
बाप मागनं चालतो, ओझं उचलून मुक्यानं

मी मागे बघितलं. ट्रंक अण्णांच्या खांद्यावर होती. मी आईला म्हटलं, त्यात काय, एवढं जड नाही ते.

पहिल्या बेडकाला बरणीत मी माझ्या हाताने घातलं. वर्गात तसं करणारी मी एकटीच होते. दौलतराव म्हणाले, पोरी, तुज्या बानं माजी सुटका केली. पुढे मेडिकल, मग नोकरी, लग्न, तालुक्याला दवाखाना. गुऱ्हाळं हिवाळ्यात चालतात आणि हिवाळ्यात मी कधीच गावी नसायची. कुणीतरी सांगितलं, नेमूअण्णा आता पाक जिभेवर ठेवत नाही, नुसत्या वासावर आणि बोटांवर गूळ काढतो, आणि तरी ढेप चुकत नाही. मी ते कौतुकाने ऐकलं. अण्णा गोड खात नाहीत हेही मला ठाऊक होतं. पण आमच्यात वय झालं की कुणी मीठ सोडतं, कुणी तूप, कुणी दूध. कुणी काय सोडलं, कशासाठी सोडलं, हे विचारायचं नसतं आणि ज्याने सोडलं त्याने सांगायचं नसतं.

सव्वीस वर्षांनी, एका चैत्रात, अण्णांना जुलाब सुरू झाले. दुपारी निरोप आला आणि मी गाडी काढून गेले. त्यांचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती. मी तांब्याभर पाणी उकळून गार केलं, गाळून घेतलं, मीठ आणि साखर घालून ढवळलं आणि पेला त्यांच्या ओठांशी नेला.

"काय हाय?"

"मीठ-साखर."

त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, औषध आहे अण्णा, औषधाला नियम आड येत नाही. ते म्हणाले, "येत न्हाई. पन मला नको."

मी पुन्हा पेला नेला. दारात उभी असलेली आई म्हणाली, "नको आग्रह करूस. तुज्या अर्जाच्या दिसापासनं गोड तोंडात घातलं न्हाई त्यांनी. तितंच सोडलं, कालिजात. मला म्हनाले, पोरीला सांगायचं न्हाई, न्हाईतर तिचा हात कापंल."

अण्णांनी डोळे मिटूनच हात हलवला, गप बस म्हणून.

मी पेला खाली ठेवला. बाहेर जाऊन गाडीतून बॅग आणली. तिच्यात सलाइनच्या दोन बाटल्या होत्या. एकीत साखर होती, दुसरीत नव्हती. साखरेची मी परत बॅगेत ठेवली. खुंटीवरची अण्णांची टोपी काढून आईच्या हातात दिली आणि तिथे दुसरी बाटली टांगली.

"ह्यात?" अण्णांनी विचारलं.

"मीठ. नुसतं मीठ."

त्यांनी हात पुढे केला. मी दंडाला रबर बांधलं, शीर बघितली. शीर चांगली होती, कुणालाही सापडली असती. सुई चुकली. त्वचेखाली निळा फुगवटा आला. मी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि बोटं स्थिर होण्याची वाट बघत राहिले. ती होईनात.

अण्णांनी डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला.